शेकड्याला सात कमी

मापसाहेबांनी कॉम्प्युटरच्या शोरूममध्ये पाऊल टाकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, "हा चांगला चालतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कंपनीनं," विक्रेता म्हणाला.

"कंपनी म्हणजे ज्यांनी तो बनवला, तेच ना?"

"हो."

"म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या," मापसाहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून वही काढली.

मापसाहेब हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली की माणसाचं खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरतं. बाजारात असा एक तराजू नव्हता ज्याच्या पारड्याखाली मापसाहेबांनी वाकून बघितलं नव्हतं. खाली चिकटवलेलं मेण, आतून पोकळ केलेली वजनं, तळाशी लाकडाची चकती बसवलेली तेलाची मापं, सगळं त्यांनी हुडकून काढलं होतं. ते रस्त्यानं चालायला लागले की दुकानदार गिऱ्हाइकाला आपणहून दोन दाणे जास्त घालत. निवृत्त होऊन आठ महिने झाले तरी दुकानदारांची ती सवय सुटली नव्हती आणि साहेबांचीही.

आता अशा माणसाला कॉम्प्युटर आणायला पाठवणं ही चूकच. पण पाठवलं होतं बायकोनं, आणि तिच्यापुढे दुसरा इलाज नव्हता.

ती बावीस वर्षं मुलांच्या वाचनालयात मदतनीस होती. कुठलं पुस्तक कुठल्या फडताळात आहे हे तिला अंधारातही सांगता यायचं. जुने ग्रंथपाल निवृत्त झाले, खुर्ची रिकामी झाली, आणि अध्यक्षांनी नियम काढला की ग्रंथपालाला प्रमाणपत्र हवं. प्रमाणपत्र असलेली अध्यक्षांची भाची तयारच होती. बायकोनं प्रमाणपत्राच्या परीक्षेची चौकशी केली तेव्हा अध्यक्ष हसून म्हणाले, "वहिनी, आता या वयात कसली परीक्षा देताय? नातवंडं खेळवा."

"मला नातवंड नाही," वहिनी म्हणाल्या, आणि त्याच दुपारी त्यांनी फॉर्म भरला.

परीक्षा वर्षातून एकदाच. घरी बसून द्यायची, पण स्वतःच्या कॉम्प्युटरवर, कॅमेऱ्यासमोर. ही हुकली की खुर्ची भाचीची. बायको घरी आली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "अहो, कॉम्प्युटर लागेल. तीन आठवडे आहेत."

अध्यक्षांचं बोलणं ऐकून मापसाहेबांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आपल्या बायकोला कोणी कमी मोजावं? तेही तोंडावर, हसत हसत?

"या बाजारातला सगळ्यात खरा कॉम्प्युटर आणून देतो तुला," ते म्हणाले. "बघतोच तो अध्यक्ष काय म्हणतो."

"खरा नको, चालणारा आणा," बायको म्हणाली. पण तोवर साहेब चपला शोधायला लागले होते.

घरात कॉम्प्युटर घ्यायचा ठरला ही बातमी कशी पसरते देव जाणे. सर्दी झाली आणि लग्न ठरलं, या दोन गोष्टींनंतर सल्ल्याला इतकं पीक दुसऱ्या कशानंच येत नसेल. पहिला फोन जावयाचा. जावई एका मोठ्या कचेरीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचा, त्यामुळे त्याचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यानं शोरूममधल्या एका लॅपटॉपचं नाव सांगितलं, एक्काहत्तर हजारांचा. "बाबा, डोळे झाकून हाच घ्या," तो म्हणाला.

डोळे झाकून घ्या म्हणणाऱ्यांवर मापसाहेबांनी आयुष्यभर खटले भरले होते. पण जावयावर खटला भरता येत नाही. "बघतो, जावईबापू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मग मेव्हणा आला. हा बायकोचा धाकटा भाऊ. जगातली कुठलीही वस्तू निम्म्या किमतीत देणारा एक माणूस याच्या ओळखीचा असतोच. "भाऊजी, शोरूमवाल्याला पैसे देणं म्हणजे त्याच्या एसीचं बिल भरणं," तो म्हणाला. "माझ्याकडे एक कारागीर आहे. सुटे भाग आणून जुळवून देतो. चौतीस हजार. निम्म्या किमतीत दुप्पट वेग."

"दुप्पट हे तू मोजलंस?"

"मोजायचं काय त्यात? दिसतं ना."

मापसाहेबांनी वहीत 'निम्म्या किमतीत दुप्पट' असं लिहिलं, तारीख घातली आणि वही पुढे करून मेव्हण्याला खाली सही करायला लावली. मेव्हण्यानं ताईकडे बघितलं. ताईनं डोळ्यांनीच, कर बाबा, असं सांगितलं.

आणि तिसरे वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य. त्यांचं घर आणि दवाखाना एकच. जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी मापसाहेबांच्या दातांकडे बघतच सांगितलं, "नवीन कशाला? माझा जुना पडून आहे. नऊ वर्षं झाली, कधी कुरकूर नाही. नऊ हजारांत देतो. जुनं ते सोनं."

झालं. तीन कॉम्प्युटर, तीन किमती, तीन दावे. दुसऱ्या कुणीही चिठ्ठ्या टाकल्या असत्या. मापसाहेबांनी तिन्ही घरी मागवले. शोरूमचा सात दिवसांत परत करायच्या बोलीवर, कारागिराचा मेव्हण्याच्या भरवशावर, दंतवैद्यांचा जिन्यातून हातोहात. बाहेरच्या खोलीतल्या जेवणाच्या टेबलावर ते तिघं ओळीनं बसले, आणि माणसं जेवायला स्वयंपाकघरात जमिनीवर गेली.

साहेबांचा सिद्धान्त साधा होता. किलो जोखायला किलोचं प्रमाण वजन लागतं. तसं कॉम्प्युटर जोखायला प्रमाण काम हवं. ते त्यांनी ठरवलं असं: मुलीच्या लग्नाचे सहाशे फोटो एका कप्प्यातून दुसऱ्यात हलवायचे, वाचनालयाच्या यादीचं एक पान बायकोनं टाइप करायचं, आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं. प्रत्येकाची वेळ स्टॉपवॉचवर. प्रत्येक गोष्ट तीनदा. शिवाय साहेबांनी तिघांनाही काट्यावर ठेवून वजन केलं. त्याचा वेगाशी काय संबंध, हे विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

"मी टाइप करतेय ते अभ्यासाचं धरा हं," बायको म्हणाली. ती पान टाइप करत होती आणि साहेब तिच्या खांद्यामागे घड्याळ घेऊन उभे. "आणि हलू नका असं मागे. माझं चुकतं."

"तुझं चुकलं तर तिन्ही यंत्रांवर सारखंच चुकव," साहेब म्हणाले. "नाहीतर तुलना होणार नाही."

दंतवैद्यांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं दहा सेकंद घ्यायचा. तेवढ्यात बायकोची भाजी निवडून व्हायची. कुरकूर मात्र खरंच नव्हती. कुरकूर करायलाही जोर लागतो. कारागिराचा चटकन उठायचा, पण त्याच्या पंख्याचा असा आवाज की शेजारच्या काकूंनी दार वाजवून विचारलं, "सकाळपासून मिक्सर चाललाय, पाहुणे येणारेत का?" शोरूमचा तेवढा निमूटपणे काम करत होता, आणि त्यामुळेच साहेबांना त्याचा संशय येत होता.

पाचव्या दिवशी साहेबांच्या मनात आलं की आपण एकेकाला वेगवेगळ्या वेळी तपासतोय, हा अन्याय आहे. परिस्थिती सारखी हवी. म्हणून त्यांनी तिन्ही एकाच वायरला जोडले, तिन्हीवर सहाशे फोटो लावले आणि शिट्टी वाजवली. इमारतीचा पाण्याचा पंप त्याच वेळी सुरू होता. फट् असा आवाज आला आणि सगळ्या जिन्याची वीज गेली.

पाच मिनिटांनी दारात एक अनोळखी गृहस्थ उभे. गळ्यात कागदी रुमाल, तोंडात कापूस, आणि तोंड उघडंच. वर दंतवैद्यांचं यंत्र अर्ध्या दातात बंद पडलं होतं. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, पण ते नुसतं हातवारे करत राहिले. मापसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली आणि बारा मिनिटं तुलनात्मक चाचणीचं महत्त्व समजावून सांगितलं. एवढं मन लावून ऐकणारा श्रोता त्यांना आयुष्यात भेटला नव्हता.

शेवटी गुरुवारी निकाल लागला. शोरूमचा लॅपटॉप सगळ्यात महाग आणि सगळ्यात पुढे. किंमत भागिले काम असा हिशेब केला तरी तोच वर. वजनसुद्धा खोक्यावर छापलेलं तंतोतंत. जावई पहिल्या दिवशी म्हणाला होता तेच, पण आता ते मोजलेलं होतं. बायकोनं सुटकेचा निःश्वास सोडला, त्याच संध्याकाळी परीक्षा मंडळाकडे त्या लॅपटॉपची नोंद केली आणि सांगितलं, "ऐकलंत का, एकदा नोंदवला की तोच. शनिवारी पाचनंतर बदलता येत नाही. रविवारी अकराला याच्यावरच परीक्षा."

"हं," साहेब म्हणाले. त्यांचं लक्ष पडद्यावर होतं.

कारण पडद्यावर त्यांना एक आकडा दिसला होता. खोक्यावर छापलं होतं, साठवण पाचशे बारा जीबी. पडद्यावर दिसत होतं चारशे शहात्तर.

साहेबांनी चष्मा पुसला. आकडा तोच. मग त्यांनी कारागिराचा बघितला: सांगितले होते दोनशे छप्पन्न, भरले दोनशे अडतीस. दंतवैद्यांचा: पाचशे सांगून चारशे पासष्ट. त्यांनी वहीत भागाकार केला आणि त्यांच्या अंगावर काटा आला. तिघांचीही तूट शेकड्याला सात. चुकून कमी भरलं तर एकाचं दोन जाईल, दुसऱ्याचं दहा जाईल. तिघांचंही सारखंच जातंय, याचा अर्थ सगळे आतून मिळालेले आहेत. चौतीस वर्षांत एवढी मोठी चोरी त्यांनी पकडली नव्हती. निवृत्तीनंतर पकडली, आणि तीही जेवणाच्या टेबलावर.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते शोरूमच्या दारात. व्यवस्थापक पोरगेला, पण स्वभावानं शांत. त्यानं समजावलं, "काका, माल पूर्ण आहे. कंपनी मोजताना हजाराचा हजार धरते. कॉम्प्युटर मोजताना हजाराच्या जागी एक हजार चोवीस धरतो. असं तीनदा होतं, म्हणून आकडा लहान दिसतो."

"म्हणजे विकताना एक माप आणि वापरताना दुसरं."

"तसं म्हणा हवं तर."

"मी नाही म्हणत, कायदा म्हणतो. दुकानात दोन मापं ठेवणं हा गुन्हा आहे."

"सगळेच असं करतात काका."

हे वाक्य साहेबांना चौतीस वर्षांत प्रत्येक दुकानदारानं ऐकवलं होतं, आणि प्रत्येकाला त्यांनी दंड केला होता. व्यवस्थापकानं पैसे परत देऊ केले. साहेब म्हणाले, पुरावा परत करत नसतात. आणि खरं सांगायचं तर, त्यांचं अगदीच चूक होतं असं म्हणायला जीभ रेटत नाही. तुम्ही बारा लाडू सांगून अकरा दिलेत आणि वर म्हणालात की आमची मोजायची पद्धत वेगळी, तर चालेल का कोणाला?

तिथून ते थेट आपल्या जुन्या कचेरीत गेले. त्यांच्या जागी आता त्यांनीच शिकवलेला धाकटा साहेब बसत होता. गुरूला बघून तो खुर्चीतून उठला, मग खुर्ची आपलीच आहे हे आठवून पुन्हा बसला. तक्रार ऐकून त्याच्या कपाळाला घाम आला. नियमांच्या पुस्तकात लांबी होती, वजन होतं, द्रव होता, क्षेत्रफळ होतं. कॉम्प्युटरच्या साठवणीचं माप कुठंच नव्हतं. ही चीज ओतायची, तोलायची की मोजायची, यावर कचेरीत दोन तास चर्चा झाली. एका कारकुनानं ती द्रवात घालायचं सुचवलं, कारण तीही भरते आणि सांडते. शेवटी ती 'नग' या सदरात बसली, अंडी आणि बटणांच्या रांगेत. जाहीर नग पाचशे बारा, प्रत्यक्ष नग चारशे शहात्तर.

"पण साहेब, नमुना जसाच्या तसा मोहोरबंद लागेल," धाकटा साहेब म्हणाला. "दोन पंचांसमोर. तपासणी अधिकारी येईपर्यंत हात लावायचा नाही. मोहोर फोडली तर फोडणाऱ्यावर गुन्हा. तुम्हाला मी काय सांगू, तुम्हीच शिकवलंत."

"उद्याच शिपाई पाठव," साहेब म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या आवाजाला जुनी धार आली होती.

शनिवारी दुपारी दोन वाजता शिपाई लाख, मेणबत्ती आणि पितळी मोहोर घेऊन हजर झाला. बायको वाचनालयात होती. पंच म्हणून मेव्हणा आणि दंतवैद्य. दंतवैद्य वर एका बाईंच्या तोंडात साचा भरून आले होते, त्यामुळे त्यांना घाई होती. लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात घातला, सुतळीनं उभा-आडवा बांधला आणि गाठीगाठीवर लाख ओतून पाच मोहरा उठवल्या. पाचवी उठवताना मेव्हण्याचा अंगठा भाजला.

अंगठा तोंडात धरून मेव्हणा म्हणाला, "पण भाऊजी, ताईची परीक्षा उद्या ना?"

"मग काय झालं? घरात अजून दोन कॉम्प्युटर आहेत की. परीक्षा काय, कुठल्याही कॉम्प्युटरवर देता येते."

आता याला काय म्हणावं? एक कॉम्प्युटर दुसऱ्यासारखा नसतो हे सिद्ध करायला या माणसानं घरादाराला कित्येक दिवस जमिनीवर जेवायला घातलं, एका गृहस्थाला अर्ध्या दातानिशी बसवून ठेवलं, आणि शेवटी तोच म्हणतो, कुठलाही चालेल. शहाणी माणसं चुकतात तेव्हा चिल्लर चुका करत नाहीत.

बायको सहा वाजता आली. टेबलावरच्या मोकळ्या जागेकडे बघून म्हणाली, "माझा कॉम्प्युटर कुठाय?"

"तो नमुना झाला," साहेब म्हणाले, आणि त्यांनी मोठ्या उत्साहानं अभ्र्यातलं गाठोडं दाखवलं. छत्तीस कमी, शेकड्याला सात, नगाचं सदर, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज आपोआप खाली येत गेला, कारण बायको खुर्चीत बसून गाठोड्यावरच्या मोहरा एकेक करून मोजत होती.

"मी गुरुवारी काय सांगितलं होतं?" तिनं विचारलं.

साहेबांना आठवलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून दहा मिनिटं.

"बावीस वर्षं मी लोकांची पुस्तकं जागच्या जागी लावली," ती म्हणाली. "कधी एक इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. एकदाच म्हटलं, आता मलाही माझ्या जागी बसू दे. तर तुम्ही मला अंड्यांच्या रांगेत बसवलंत."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि कुकर लावायला गेली. साहेब तिथंच बसले. त्यांना स्वतःची एवढी लाज आयुष्यात वाटली नव्हती. अध्यक्षानं तिला कमी मोजलं म्हणून आपण पेटून उठलो, आणि आपण काय केलं? आपण तर तिला मोजलंच नाही.

परीक्षा मंडळाला फोन लावला तर एक गोड आवाज यादी वाचत राहिला आणि शेवटी म्हणाला, मुदत संपली आहे. जावई म्हणाला, "बाबा, नोंदवलेलं यंत्रच चालतं, मी काही करू शकत नाही." धाकट्या साहेबाचा फोन बंद. तो लागला रविवारी सकाळी दहा वाजता.

"साहेब, मोहोर काढायचा अधिकार तपासणी अधिकाऱ्याला. तो मंगळवारी येणार."

"तू ये."

"मी आलो तरी लेखी हुकूम लागतो. आज सुट्टी. साहेब, नियम एकासाठी वाकवला की सगळ्यांसाठी वाकतो, हे वाक्य तुमचंच आहे."

मापसाहेबांना पहिल्यांदाच वाटलं की आपण एवढी चांगली वाक्यं बोलायला नको होती.

साडेदहा वाजले. बायको इस्त्रीचे कपडे घालून, केस बांधून, प्रवेशपत्र हातात घेऊन टेबलाशी येऊन बसली होती. समोर लाखेच्या पाच ठिपक्यांचं गाठोडं. मेव्हणा भिंतीला टेकून उभा होता. दंतवैद्य पंच या नात्यानं खाली आले होते, कारण पुढे काय होतंय ते बघितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं.

बायको उठली, आत गेली आणि पक्कड घेऊन आली.

"थांब," साहेब म्हणाले.

"नाही थांबणार. अर्धाच तास आहे. व्हायचा तो गुन्हा होऊ दे."

"तुझ्या फॉर्ममध्ये शेवटी काय लिहिलंय? माझ्यावर कुठलाही गुन्हा नोंदलेला नाही. त्याखाली तुझी सही आहे. तू हे फोडलंस तर पास होऊनसुद्धा खुर्ची भाचीची. अध्यक्ष पेढे वाटेल." साहेबांनी हात पुढे केला. "आण ती पक्कड."

"अहो, तुम्ही? सरकारी मोहोर?"

"आण म्हणतो ना."

चौतीस वर्षांत त्यांनी शेकडो मोहरा लावल्या होत्या. फुटलेली एक दिसली तरी ते दोन दिवस जेवायचे नाहीत. पहिली फोडताना त्यांनी डोळे मिटून घेतले, दुसरी जरा सोपी गेली, तिसरी-चौथी त्यांनी एका दमात फोडली आणि पाचवीला तर चक्क दात लावला. दंतवैद्य कळवळून "अहो दात, दात" म्हणाले. सुतळी तुटली, अभ्रा निघाला, लॅपटॉप उघडला आणि अकरा सेकंदांत सुरू झाला. स्टॉपवॉच कोणी लावलं नव्हतं, पण साहेबांना सवयीनं कळलं.

"सगळे बाहेर," बायको म्हणाली. "कॅमेऱ्यात दुसरं कोणी दिसलं तर परीक्षा रद्द."

तिघं पुरुष जिन्यात जाऊन बसले. साहेबांनी वही काढली आणि पंचनामा लिहिला. मोहोर फोडणाऱ्या इसमाचं नाव, त्याचा पूर्वीचा हुद्दा, फोडण्याची वेळ, साधन: पक्कड आणि दात. कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'बायकोची परीक्षा'. खाली दोन्ही पंचांच्या सह्या घेतल्या. मेव्हणा या वेळी कुरकूर न करता सही करून मोकळा झाला.

एक वाजता दार उघडलं.

"कसं गेलं?" साहेबांनी विचारलं.

"बरं गेलं. तुमच्या खात्यातला एक प्रश्न होता. पुस्तकाची उंची यादीत कशी लिहितात?"

"कशी?"

"सेंटिमीटरमध्ये. आणि वर थोडी जरी उरली तरी पुढचा पूर्ण आकडा धरायचा."

"म्हणजे आहे त्यापेक्षा जास्त दाखवायची?" साहेबांनी तोंड उघडलं, बायकोकडे बघितलं आणि तोंड मिटलं. वाचनालयांवर त्यांनी तक्रार केली नाही, हे त्यांच्या संयमाचं उदाहरण म्हणून इथं नोंदवून ठेवायला हवं.

मंगळवारी तपासणी अधिकाऱ्यासोबत धाकटा साहेब आला. फुटलेल्या मोहरा बघून तो मटकन खाली बसला. मग पंचनामा वाचून हळूच म्हणाला, "साहेब, हा कागद मी बघितलाच नाही. उंदरानं कुरतडलं असं लिहू. अशी नोंद चालते."

"आमच्या घरात उंदीर नाही," साहेब म्हणाले. "जे झालं ते लिही. गुंजभरही कमी नको."

नमुना बाद झाला. नमुन्याबरोबर तक्रारही बाद झाली, आणि ते छत्तीस नग कंपन्यांनी कायमचे पचवले. आयुष्यातली सगळ्यात मोठी केस साहेबांनी स्वतःच्या दातानं तोडली. यावर जावयानं फोनवर सांत्वन करायचा प्रयत्न केला, तेव्हा साहेब म्हणाले, "जावईबापू, चोरी ती चोरीच. आज सुटले म्हणजे साव झाले असं नाही."

महिन्याभरानं निकाल लागला. बायको शंभरात ब्याऐंशी मिळवून पास झाली, भाचीच्या प्रमाणपत्रावरच्या गुणांपेक्षा अकरा जास्त. अध्यक्षांनी वाचनालयाच्या किल्ल्या दिल्या. देताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता आणि तो बघायला साहेब मुद्दाम गेले होते. त्याच आठवड्यात साहेबांना नोटीस आली, दंड भरायला या म्हणून.

ते आणि बायको दोघं गेले. कचेरीची ती खिडकी साहेबांच्या ओळखीची होती, फक्त आजवर ते तिच्या आतल्या बाजूला बसत. रांगेत पुढे-मागे बाजारातले दुकानदारच होते. त्यांनी मापसाहेबांना आपल्यामागे उभं पाहिलं आणि रांगेत अशी शांतता पसरली की आतल्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. एका तेलवाल्यानं तर भीतीनं आपला नंबर साहेबांना दिला.

खिडकीतला कारकून नवा होता. त्यानं कागद भरायला घेतला. "मोहोर फोडली. कबूल?"

"कबूल."

"आता शेवटचा रकाना. केल्या कृत्याचा पश्चात्ताप आहे का? आहे म्हटलं की दंड निम्मा होतो."

हे साहेबांना माहीत होतं. चौतीस वर्षं या खिडकीत प्रत्येकाला पश्चात्ताप झाला होता. तेलवाल्याला तर दर वर्षी दोनदा होत असे.

"आहे लिहितो," कारकून म्हणाला.

"थांबा," साहेब म्हणाले. "पश्चात्ताप नाही."

कारकुनानं मान वर केली. "काका, नुसता एक शब्द आहे. सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणतात म्हणूनच सांगतोय. तक्रार केली त्याचा नाही, मोहोर फोडली त्याचाही नाही. उद्या हिची परीक्षा असली तर उद्याही फोडीन. 'नाही' लिहा."

रांग टाचा उंचावून बघत होती. बायकोनं पर्स उघडली, पूर्ण दंडाची रक्कम काढून खिडकीत ठेवली आणि कारकुनाला म्हणाली, "लिहा ना. ते म्हणतायत तसं लिहा."

कारकुनानं लिहिलं. साहेबांनी चष्मा लावला, खिडकीतून मान आत घालून तो शब्द नीट वाचला, आणि मगच पावती घेतली.